वायरचे इअरफोन, २ हजार ते १० हजार: ख्याल, नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांनी पैसे नेमके कशावर घालावेत?

खमाज

नमस्कार मंडळी. इअरफोनचे रिव्ह्यू बघायला गेलं की बेस किती दणकतो आणि गेममध्ये शत्रूची पावलं कुठून ऐकू येतात, यावरच सगळा भर असतो. माझं ऐकणं वेगळं आहे. बहुतेक वेळ ख्याल, खालोखाल जुनं नाट्यसंगीत, अधूनमधून सोलो तबला. म्हणून हा धागा त्याच कानाने काढतोय.

सध्या माझ्याकडे मूनड्रॉपचा चू २ आहे. २०२३ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत १९ डॉलर होती, आपल्याकडे २ हजारांच्या आत-बाहेर मिळतो. मित्राकडून ट्रूथइअर हेक्सा आणलाय. तो ८० डॉलरचा, म्हणजे चौपट. दोन्ही एकाच फोनला, एकाच डोंगलवर (फोनला वायरचा इअरफोन जोडायचा छोटा अडॅप्टर), आवाज शक्य तितका सारखा ठेवून ऐकले.

तबला आणि गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा चालू असतो ना, फरक मला तिथेच सापडला. चू २ वर जवारीची (तारांच्या झंकाराची) चमक पुढे येते, झणझणीत वाटते, पहिल्या झटक्यात आवडते. हेक्सावर ती चमक थोडी मागे सरकते आणि खर्जाच्या तारेतून गांधार वर येताना स्पष्ट ऐकू येतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो. चू २ वर तो नाही असं नाही, पण शोधावा लागतो. हेक्सावर आपोआप कानात येतो.

आता प्रश्न असा: हेक्सा घेऊन थांबू, की आणखी ताणून सेनहायझर आयई २०० पर्यंत जाऊ? की हा फरक ईक्यूने (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करायची ॲपमधली सोय) घरच्या घरी मिळवता येतो?

ठेका

चांगला धागा. मी तबल्याच्या बाजूने लिहितो.

माझ्याकडे ७हर्ट्झचा झीरो २ आहे (२५ डॉलरवाला) आणि हेक्साही बराच वापरलाय. झीरो २ वर डग्गा भरदार लागतो, अंगावर येतो. तरुण मुलं ऐकतात ती गाणी त्यावर मस्त वाजतात. पण विलंबित एकतालात, पुरुष गायक मंद्रात उतरलेला असताना, डग्ग्याचा घुमारा त्याच्या आवाजावर पांघरूण घालतो. हेक्सावर घुमारा उठतो आणि वेळेत विरतो. मनगट दाबून डग्ग्यावर मींड काढतात, ती कुठून सुरू झाली आणि कुठे पोचली हे हेक्सावर कळतं. झीरो २ वर "काहीतरी घुमलं" एवढंच कळतं.

उलट, सोलो तबला ऐकताना मला हेक्सा जरा सुका वाटतो. समोर बसून ऐकलेल्या डग्ग्याचं वजन त्यात नाही. तेव्हा तबला ऐकायला कुठला आणि तबल्याच्या साथीचं गाणं ऐकायला कुठला, याची उत्तरं माझ्या दृष्टीने वेगवेगळी आहेत.

आणखी एक. तबल्याकडे नुसता "बेस आणि टकटक" म्हणून बघू नका. शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या गोलामुळे) तबल्याचे उपस्वर बऱ्यापैकी सुरेल नात्यात येतात, म्हणून तो षड्जाला लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे लिहून ठेवलंय. इअरफोनने मधल्या भागात गडबड केली की चाटेवरचा (पुडीच्या काठावरचा) "ना" सुरात असूनही पत्र्यासारखा वाजतो. मी कुठलाही इअरफोन आधी त्याच्यावर तपासतो.

सोल्डर

रेकॉर्डिंगच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खमाज, तुम्हाला जे ऐकू आलं त्याला आकड्यांत अर्थ आहे. गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गात असेल तर मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. गांधार हा तिचा पाचवा उपस्वर, म्हणजे ३५० च्या जरा अलीकडे. म्हणजे तो बेसमध्येही नाही आणि ट्रेबलमध्येही (वरच्या टोकाला) नाही, खालच्या मिड्समध्ये (मधल्या पट्ट्यात) आहे. ज्या इअरफोनमध्ये बेस आणि वरचे मिड्स दोन्ही उचललेले असतात, त्यात नेमका हाच पट्टा तुलनेने खाली बसतो. आपल्या संगीताचा अर्धा जीव तिथे असतो.

बहुतेक कंपन्या आज हारमन टार्गेट किंवा त्याच्या जवळपासचा कर्व्ह (कुठल्या पट्ट्याला किती आवाज ठेवायचा, तो आराखडा) धरून ट्यूनिंग करतात. शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन तो बसवला. पाया पक्का आहे, पण त्यात खालचा बेस बऱ्यापैकी वर ठेवलाय. तानपुरा-तबला-पेटीच्या मैफलीत ५० हर्ट्झच्या खाली फारसं काही घडतच नाही, मंचाची धडधड आणि माइकला बसलेला धक्का सोडला तर. हेक्सामध्ये बेस त्या टार्गेटपेक्षा कमी आहे, म्हणून तो ख्यालाला मानवतो. इथे जादा पैशांपेक्षा ट्यूनिंगचा हात मोठा आहे.

मग चौपट पैशांत मिळतं काय? हेक्सात एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) आहेत. आर्मेचर हे इअरफोनमध्ये श्रवणयंत्रांतून आलेलं तंत्र, चिमुकलं असतं, आघात चटकन उचलतं. पण ड्रायव्हर मोजून इअरफोन घेऊ नका. आयई २०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे आणि तो आवाजाला एकजीव ठेवतो. पेटीवर मध्य सप्तकातून तारात जाताना कुठे जोड लागल्यासारखं वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्याला पैसे जवळपास लागत नाहीत: टिप्स, म्हणजे कानात जाणाऱ्या नळीवरची मऊ टोपणं. कानात सील बसलं नाही तर कितीही महाग इअरफोनचा बेस गळतो आणि उरलेला आवाज किरकिरा होतो. निम्म्या लोकांची "अमुक इअरफोन पातळ वाजतो" ही तक्रार खरं तर टिपची असते. आवाज चालू ठेवून इअरफोन बोटाने हळूच आत दाबून बघा. दाबल्यावर डग्गा एकदम भरला तर तुमची टिप लहान आहे. दोन्ही कानांना एकाच मापाची टिप लागेल असंही नाही, बऱ्याच जणांचे कान उजवे-डावे वेगळे असतात. आयई २०० मध्ये तर टिप नळीवर दोन जागी बसते. पूर्ण आत ढकलली की बेस भरीव, बाहेरच्या खाचेवर ठेवली की बेस उतरतो. दुकानात चालवून बघाल तेव्हा टिप कुठे बसवलीय हे आधी पाहा, नाहीतर भलत्याच इअरफोनवर मत बनवून घरी याल.

कर्जत_लोकल

सोल्डर काका, सीलच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. माझं सगळं ऐकणं लोकल गाडीत. तिथे जवारी वगैरे दूरची गोष्ट, आधी बाहेरची खडखड थांबली पाहिजे.

सैल टिप असली की माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. गाडीच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणारा रोज दोन-तीन तास प्रवास करत असेल तर हिशोब तुम्हीच करा. फोमच्या टिप्स थोड्या खर्चिक, काही महिन्यांत बदलाव्या लागतात, ट्रेबल जरा मऊ करतात, पण प्रवासात मला दुसरं काही नको.

वायर कानावरून मागे घेऊनच घाला. खाली लोंबती ठेवली की शर्टावर घासल्याचा आवाज थेट कानात.

म्युनिकहून

थोडा विरोधी सूर लावतो.

मी चू २ वापरला, मग हेक्सा, आणि आता ब्लेसिंग ३ वर आहे. तो ३२० डॉलरचा, दोन डायनॅमिक आणि चार आर्मेचर. इथे सगळे "पैशांपेक्षा ट्यूनिंग महत्त्वाचं" म्हणताहेत. सुराच्या रंगापुरतं ते मला मान्य आहे. पण थेट मैफलीचं रेकॉर्डिंग ऐका, ज्यात गायक, मागे साथीला बसलेला शिष्य, पेटी, सारंगी आणि तबला सगळे एकदम आहेत. सारंगी गायकाच्या आवाजाच्या इतक्या जवळ जाते की स्वस्त इअरफोनवर दोन्ही एकमेकांत विरघळतात. हेक्सावर बरंच सुटं होतं. ब्लेसिंग ३ वर सारंगीचा गज उलटतो ती जागाही कळते. सारंगीवाला गायकाच्या मागून अर्ध्या मात्रेने त्याचीच हरकत उचलतो ना, तो पाठलाग ऐकण्यात माझ्या संध्याकाळी जातात. माझ्यासाठी त्या पैशांचं चीज झालं.

युरोपातल्या लोकांना सूचना: इथे विकला जाणारा ॲपलचा टाइप-सी डोंगल अमेरिकेतल्या डोंगलपेक्षा व्होल्टेज साधारण निम्मं देतो. बहुतेक इअरफोनना पुरतो, पण हलक्या आवाजात रेकॉर्ड झालेल्या जुन्या मैफलींना कमी पडतो.

काळी_चार

@म्युनिकहून, सारंगीचं अगदी पटलं. पण उलट बाजूही सांगते. मी शिकते आहे, आणि माझ्या ऐकण्यात बायकांचे आवाज जास्त. काळी चारमध्ये तार षड्ज साधारण ४१५ हर्ट्झ, पण आवाजाची धार जाणवते ती ३ किलोहर्ट्झच्या आसपास. तिथे उचललेला इअरफोन असला की तार गांधार-पंचमावर कान दुखतो. माझ्यापुरता चू २ इथेच बाद झाला. हेक्सावर तासभर ऐकलं तरी थकवा येत नाही. सारंगीचा गज ऐकू आला तरी डोकं दुखायला लागलं तर उपयोग नाही.

रियाजाला वापरणाऱ्यांसाठी: दोन्ही कान बंद करून गाऊ नका. सील बसलेलं असताना स्वतःचा आवाज हाडांतून येऊन आतच घुमतो, मंद्र फार मोठा वाटतो आणि सूर कळत नकळत खाली येतो. एका कानात तानपुरा, दुसरा मोकळा. आणि तानपुरा ॲपचा आवाज आपल्या गळ्यापेक्षा कमीच ठेवायचा.

आजरा_घनसाळ

ब्लूटूथवाले कुणीच आले नाहीत, म्हणून मी विचारतो. पाच हजारांत नॉइज कॅन्सलेशन, माइक, सगळं मिळतं. वायर सांभाळायची कशाला?

ठेका

@आजरा_घनसाळ, फोनवर बोलायला आणि गाडीत बसायला अवश्य घ्या. पण दोन गोष्टी. आत बॅटरी असते आणि काही वर्षांनी ती दम तोडते. ड्रायव्हर ठणठणीत असूनही इअरफोन जातो. वायरचा इअरफोन, त्यातही केबल सुटी होणारा, केबल बदलून पुढे चालतो.

दुसरं, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. नुसता लेहरा (तबल्यासाठी सतत फिरत राहणारी धून) लावून वाजवायला अडचण नाही, कारण उशीर कायम सारखाच असतो. पण लेहऱ्यावर वाजवून स्वतःला रेकॉर्ड करायला गेलात की सम हुकलेली दिसते. वाजवणाऱ्याचा हात बरोबर असतो, रेकॉर्डिंग मागे असतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी याच कारणासाठी वायरवर आणलं.

खमाज

सगळ्यांचे आभार. ईक्यूचा प्रश्न मात्र राहिला.

सोल्डर

ईक्यूने रंग बदलतो आणि बराच बदलतो. चू २ ला ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल उतार द्या, १०० हर्ट्झच्या खाली थोडा कमी करा, आणि पुन्हा तानपुरा लावा. गांधार बराच सोपा होईल. नेहमी कमी करत जा, वाढवू नका. वाढवायचंच असेल तर प्री-अँप (ईक्यूमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढा खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो.

पण नेटवरचे ग्राफ बघून वरच्या टोकाला ईक्यू लावत बसू नका. मोजणीसाठी कानासारखी जी नळी वापरतात तिच्यात बहुधा ८ किलोहर्ट्झच्या आसपास तिचीच उसळी दिसते, आणि त्याच्या वरचं मोजमाप तितकं विश्वासाचं नसतं. शिवाय तुमच्या कानात इअरफोन किती खोल जातो त्यावर ती उसळी सरकते. तिथे स्वतःच्या कानाने ठरवा.

सारंगी आणि गळा वेगळे ऐकू येणं, जे म्युनिकवाले म्हणताहेत, ते ईक्यूने अंशतः मिळतं, पूर्ण नाही. तेवढा मान मी महाग इअरफोनला देतो.

पहिली_घंटा

जुनं नाट्यसंगीत हा शब्द वाचून आलो, कारण त्यावर कुणी बोललंच नाही.

७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं तेव्हा आवाज पुष्कळ सुधारला, तरी वरच्या टोकाला गाण्याचं फारसं काही नोंदलेलं नसतं. तिथे असते ती तबकडीची खरखर. म्हणजे चमकदार इअरफोन घेतलात तर त्याची चमक फक्त खरखरीच्या वाट्याला जाते. "डिटेल" म्हणून जी गोष्ट विकली जाते, ती इथे उपद्रव आहे.

या रेकॉर्डिंगना मला शुअरचा एसई२१५ सर्वांत मानवला. जुना मॉडेल, २०११ चा, वरचा भाग मवाळ, आणि बाहेरचा आवाज छान अडवतो. आजचे रिव्ह्यूवाले त्याला "काळोखा" म्हणून मोडीत काढतात. त्यांनी ऑर्गनच्या साथीचं एखादं जुनं पद त्यावर ऐकावं. पायपेटीचा भाता, गायकाची फिरत, सगळं समोर येतं आणि खरखर मागच्या बाकावर जाते. ताज्या रेकॉर्डिंगला मात्र मी तो सुचवणार नाही.

एक प्रश्नही आहे. वडील ७६ वर्षांचे आहेत. हल्ली म्हणतात, गाणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. त्यांना जास्त ट्रेबलचा घेऊन देऊ का?

सोल्डर

@पहिली_घंटा, आधी श्रवणतज्ज्ञाकडे नेऊन ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढा. वयानुसार वरच्या वारंवारिता आधी जातात आणि व्यंजनं तिथेच असतात, म्हणून शब्द निसटतात. पण दोन्ही कान सारखेच गेलेले असतील असं नाही. कधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढल्यावरच फरक पडतो. आलेख हातात आला की प्रत्येक कानाला वेगळा ईक्यू देता येतो, काही फोनमध्ये ती सोय आतच असते. चमकदार इअरफोन घेऊन आवाज वाढवत राहणं हा उपाय नाही, शिल्लक आहे त्यालाही धोका. या वयात कानात खोल जाणारे टिप्स घालणं-काढणंही त्रासाचं होतं. त्यांच्यासाठी कानावर बसणारा हलका हेडफोन बघा.

पहिली_घंटा

मनापासून आभार काका. पुढच्या आठवड्यात नेतो त्यांना.

काळी_चार

पावसाळ्याबद्दल कोकणातल्या लोकांनी लिहा ना. माझा आधीचा एक स्वस्तातला (ब्रँड राहू दे) एका बाजूने हळूहळू बारीक होत गेला आणि मी तो गेला म्हणून ठेवून दिला होता.

कर्जत_लोकल

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यावर मळ किंवा ओल बसली की त्या बाजूचा आवाज बसतो. नळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत रात्रभर ठेवा. ड्रायरची गरम हवा देऊ नका. केबलच्या दोन पिना असतात त्याही कोरड्या पुसून घ्या, दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर धरतो.

खमाज

ठरलं. हेक्सा घेतोय. चू २ ला सोल्डर काकांचा ईक्यू लावून ऐकला. गांधार खरंच पुढे आला, त्यामुळे तो गाडीत राहील. पण काळी_चार म्हणाल्या तो थकव्याचा मुद्दा मला निर्णायक वाटला. रात्री दोन-दोन तासांच्या मैफली ऐकतो, तिथे हेक्सावर कान शेवटपर्यंत ताजा राहतो. आयई २०० पुण्यात एका दुकानात ऐकला, टिप दोन्ही जागी लावून. पेटी त्यावर अप्रतिम, पण हेक्सापेक्षा तेवढे जास्त पैसे घालण्याइतका फरक माझ्या कानाला सापडला नाही.

एकच शेवटचं विचारतो. नवीन जोड घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत काय तपासायचं?

सोल्डर

दोन्ही बाजू जुळतात का ते. तुमच्याकडे जुनं नाट्यसंगीत आहेच, ते मोनो असतं. गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. एका बाजूला सरकला तर आधी टिप्स नीट बसवा. तरी सरकलेला राहिला तर इअरफोन होते त्याच कानात ठेवायचे आणि केबलच्या डाव्या-उजव्या तारा तेवढ्या आपसात बदलायच्या. आवाज आता दुसरीकडे झुकला तर दोष केबलचा, डोंगलचा किंवा त्या फाइलचा. आहे तिथेच राहिला तर इअरफोनचा किंवा तुमच्या कानाचा, आणि ते कळायला तुमचा चू २ आहेच. त्यावर तेच पद मधोमध येत असेल तर हेक्सा बिनदिक्कत बदलून मागा.